द्राक्षबागेची फवारणी आणि घरातली मुले

ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या धास्तीने फवारण्यांचा सपाटा सुरू होतो. या दिवसांत लहान मुलांना बागेत फिरकू न देण्याची काळजी बहुतेक घरांत घेतली जाते. मात्र तेच औषध कपडे, चपला आणि दुचाकीच्या सीटवरून घरात येते, याकडे फारसे कुणी पाहत नाही. घरात ऊन-पाऊस लागत नसल्याने ते बागेतल्यापेक्षा जास्त काळ टिकते आणि धुळीत साचते. रांगणारे मूल त्याच फरशीवर हात टेकते, तोच हात तोंडात घालते आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत ओढते.

म्हणून फवारणी करून आलेल्याने सोप्यात न शिरता परस्पर मागच्या दारी जावे, कपडे तिथेच उतरवावेत, साबण लावून अंघोळ करावी आणि मगच मुलाला उचलावे. पोर धावत येऊन पायांना मिठी मारते ते नेमके याच वेळी, तेव्हा त्याला आत रमवून ठेवण्याचे काम घरातल्या कुणीतरी अंगावर घेतलेले बरे. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात भिजवू नयेत. रबरी मोजे घालून, वेगळ्या बादलीत, गरम पाणी आणि भरपूर पावडर वापरून ते त्याच दिवशी धुवावेत व उन्हात वाळवावेत. पाणी न मिसळलेले मूळ औषध कपड्यावर सांडले असेल, तर तो कपडा टाकूनच द्यावा, कारण कितीही धुतला तरी तो पुरता साफ होत नाही. घरात कोरडा झाडू मारल्याने धूळ पुन्हा उडते. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे.

औषधे घराबाहेर, कुलपात आणि मूळ डब्यातच ठेवावीत. उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याइतकी धोक्याची सवय दुसरी नाही. डब्यावरचा लाल त्रिकोण अतितीव्र विषाची खूण आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

शाळू किंवा गहू किडू नये म्हणून काही जण कणगीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो आणि धान्याच्या खोलीत वा शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलांच्या जिवावर बेततो. राहत्या घरात या गोळ्या आणूच नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.

बाकी गोष्टी नित्याच्या आहेत. डास अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी लावावी. बाळाच्या कपड्यांत डांबर गोळ्या ठेवू नयेत. संडासात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मुलाच्या अंगावर औषध सांडल्यास कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये, मीठ-पाणी वा दूध पाजत बसू नये, तर लगेच १०८ वर फोन करावा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो न्यावा, कारण उपचार कोणते करायचे हे आतल्या घटकावर ठरते.