स्केटबोर्ड घेऊन कोपनहेगन-माल्मोला येताय? मग हे आधी वाचा

नोकरीनिमित्त कोपनहेगन, माल्मो, लुंड या पट्ट्यात राहणारे मराठी लोक आता बरेच झालेत, आणि कुणाचा ना कुणाचा भाऊ, भाची नाहीतर कॉलेजातला मित्र उन्हाळ्यात बोर्ड घेऊन टपकतोच. पहिला प्रश्न ठरलेला, "इथे स्केटपार्क कुठेय?" पार्क आहेत, भरपूर आहेत आणि मस्त आहेत, पण या दोन शहरांचं नाव झालंय ते स्ट्रीटमुळे, म्हणजे पार्कबाहेर चौकांत, बाकांवर, पायऱ्यांवर होणाऱ्या स्केटिंगमुळे, आणि स्ट्रीटवर तुम्हाला किती ट्रिक येतात यापेक्षा तुम्ही स्पॉटवर, म्हणजे स्केट करायच्या जागेवर, वागता कसे यावर तुमचा दिवस कसा जाणार ते ठरतं. म्हणून नुसती ठिकाणांची यादी देत नाही, तिथे शिरायचं कसं ते सांगतो.

आधी प्रवासाचं उरकू. एका बाजूला डेन्मार्क, दुसऱ्या बाजूला स्वीडन, मधे समुद्र आणि त्यावर २००० साली सुरू झालेला ओरेसुंड पूल. कोपनहेगन सेंट्रलहून माल्मो सेंट्रल ट्रेनने साधारण ३५-४० मिनिटं, म्हणजे सकाळी एका देशात आणि संध्याकाळी दुसऱ्या देशात स्केट करणं अगदी सहज जमतं. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो पण पासपोर्ट खिशात ठेवाच, स्वीडनला जाताना माल्मोच्या हिली स्टेशनवर पोलीस चेक करू शकतात, तिथे "हॉटेलवर राहिला हो" चालत नाही. पैसे मात्र वेगळे, दोन्ही क्रोनच पण डॅनिश क्रोन जास्त महाग, त्यामुळे खायचं-प्यायचं शक्यतो माल्मोत उरका. तिथे फलाफल स्वस्त मिळतं आणि शहरभर मिळतं.

आता बोर्ड. सव्वाआठ इंच रुंदीच्या आसपासचा डेक (उभं राहायची लाकडी फळी), ५२ ते ५४ एमएमची चाकं, कडकपणा ९९ए किंवा १०१ए, नेहमीचा स्ट्रीट सेटअप पुरेसा आहे. भारतात पेव्हर ब्लॉकवर शिकलेल्यांना इथलं गुळगुळीत ग्रॅनाइट बघून रडूच येतं, पण लगेच हुरळून जाऊ नका, कोपनहेगनच्या जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे आणि तिथे कडक चाकांवर गेलात तर दात खिळखिळे होतील. तिथे सरळ बोर्ड हातात घ्या आणि चाला. नुसतं फिरायचंच असेल तर ७८ए-८०एची मऊ चाकं वेगळी आणा, नाहीतर गरज नाही.

सुरुवात माल्मोतून करा असं माझं मत, कारण तिथे स्केटरला कुणी उपरा समजत नाही. यामागे बरंच काही आहे. माल्मो हे जहाजं बांधणारं शहर. कोकुम्स शिपयार्ड बंद पडलं, त्यांची ती अवाढव्य क्रेन एका डॉलरला कोरियाच्या कंपनीला विकली गेली आणि २००२ मध्ये हलवली, लोक म्हणे ती जाताना बघून रडले. त्या रिकाम्या झालेल्या बंदराच्या भागात, जिथे जहाजं बांधून पाण्यात सोडायचे त्याच जागी, २००५ मध्ये स्टापेलबेडस्पार्केन नावाचा काँक्रीटचा स्केटपार्क झाला. शेजारी टर्निंग टॉर्सो हा पिळलेला टॉवर, त्यामुळे हरवायची सोय नाही, वर बघायचं आणि त्या दिशेने पुश करत सुटायचं. हा पार्क महापालिकेने कुठल्यातरी ठेकेदाराकडून करून घेऊन पोरांच्या माथी मारलेला नाही, स्केटर्सच्या संघटनेने पालिकेबरोबर बसून करून घेतलाय. ही संघटना म्हणजे ब्रिगेरियेट, जुन्या बिअर कारखान्याच्या इमारतीत १९९८ पासून इनडोअर हॉल चालवते, आणि २००६ पासून त्यांची चक्क शाळा आहे, अकरावी-बारावीच्या वयाची मुलं तिथे गणित, इंग्रजीबरोबर टाइमटेबलमध्ये स्केटबोर्डिंग शिकतात. आपल्याकडे असं घरी सांगून बघा!

पण माल्मोचा खरा जीव डीआयवायमध्ये आहे, म्हणजे पोरांनी स्वतः सिमेंटच्या गोण्या आणून पडीक जागेवर बांधलेले स्पॉट. पोंटस आल्व हा माल्मोचा स्केटर, त्याने २०११ मध्ये पोलर ही कंपनी काढली, त्याचं आणि त्याच्या दोस्तांचं हे वेड. काही जागा बांधल्या, काही पाडल्या गेल्या, मग परत दुसरीकडे बांधल्या. अशा जागेवर जायचं असेल तर एक नियम पाठ करा: बांधणाऱ्याला मान पहिला. गेल्या गेल्या मोबाइल काढून रील शूट करायला लागू नका, लोकेशन टॅग तर अजिबात नको. कुणी फावडं घेऊन काम करत असेल तर "काही मदत करू का" विचारा, झाडू मारायला मिळाला तरी मारा. अर्धा तास झाडू मारलात तर पुढचा आठवडाभर तुम्हाला लोक ओळखतील.

कोपनहेगनचं गणित वेगळं. तिथे मोकळे चौक आणि ग्रॅनाइटची बाकं आहेत, आणि बऱ्याच जागी ती स्केटिंगसकट चालवून घेतात. यार्मर्स प्लास हा सगळ्यात नावाजलेला, शहराच्या मधोमध, लेजेसवर, म्हणजे बोर्ड घासत नेता येतो अशा कट्ट्यांवर, दिवसभर कुणी ना कुणी असतंच. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर नोरेपोर्ट स्टेशनजवळ इस्राएल्स प्लास, बाजूला खाण्याचं मोठं मार्केट, संध्याकाळी पायऱ्यांवर शाळकरी पोरं, आजीआजोबा, स्केटर सगळे एकत्र. पार्कच हवा असेल तर फेलेडपार्कन, २०११ चा, प्रचंड मोठा, नवशिक्यालाही कोपरा मिळतो. क्रिस्टियानिया या कोपनहेगनमधल्या वेगळ्या वस्तीत वंडरलँड नावाचा बोल, म्हणजे वाडग्यासारखा खोलगट खड्डा, आहे, पण तो माफक अनुभव असलेल्यांसाठीच, आणि त्या वस्तीत कुणाचे फोटो न विचारता काढायचे नाहीत.

उन्हाळ्यात सीपीएच ओपन असेल त्या आठवड्यात आलात तर लॉटरीच. २००७ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा एका स्टेडियममध्ये बसून होत नाही, ती शहरभर फिरते, आज इथला चौक तर उद्या तिथला, आणि जगातले नावाजलेले स्केटर आणि त्यांच्या मागे बघ्यांची झुंड सायकलवरून एका स्पॉटवरून दुसऱ्या स्पॉटवर जाते. बघायला तिकीट नाही. फक्त सायकल भाड्याने घ्या, नाहीतर मागे पडाल.

आता मुख्य मुद्दा, स्पॉटवर पोचल्यावर करायचं काय. आधी बसा. बोर्ड उलटा करून बाजूला ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा, कोण कुठून येतंय, कुठे उतरतंय, कुणाची पाळी कुणानंतर, कारण रांग दिसत नसली तरी असते. कुणी एकच ट्रिक पुन्हा पुन्हा ट्राय करतंय आणि समोर मित्र कॅमेरा घेऊन जमिनीवर आडवा पडलाय, तर ती लाइन त्याची, मधून जायचं नाही. त्याला जमलं की बाकीचे बोर्डची शेपटी जमिनीवर आपटतात, ठक ठक ठक, ती इथली टाळी, तुम्हीही आपटा, ओळख तिथूनच सुरू होते.

मग लेज जवळून बघा. कडेला काळपट, चकाकणारी पट्टी दिसली म्हणजे वर्षानुवर्षं वॅक्स (कड घसरती करायचं मेण) लागलंय आणि ट्रकचा, म्हणजे चाकं धरणाऱ्या सांध्याचा, धातू घासलाय. बोट फिरवा. बोट सरसर सरकलं तर खिशातलं वॅक्स खिशातच राहू द्या, अडखळलं तर लावा पण आधी तिथल्या कुणाला तरी विचारून, कारण जास्तीच्या वॅक्सवर पाय सटकून माणूस कंबरेवर पडतो आणि मग ते वॅक्स कुणी लावलं हे सगळ्यांना माहीत असतं. कडेवर लोखंडी गोळे ठोकलेले दिसले तर ते स्केटर थांबवायलाच ठोकलेत, उपटायच्या भानगडीत पडू नका. नंतर रनअप चालून बघा, फरशांमधल्या फटी, उतार, आणि खडा, हा सगळ्यात मोठा शत्रू, हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला की बोर्ड जागेवर थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. पायाने झाडून घ्या.

कोपनहेगनमध्ये याच्यात अजून एक गोष्ट वाढवा: निसटलेला बोर्ड कुठे जाईल ते बघा. चौकाला लागून सायकल ट्रॅक असतो, ऑफिस सुटायच्या वेळी त्यावर सायकलींचा लोंढा असतो आणि त्यात बोर्ड घुसला तर काकू पडतील, आणि डॅनिश काकू काय बोलतात ते समजलं नाही तरी पोचतं बरोबर. त्यामुळे ट्रॅककडे पाठ करून ट्रिक मारा म्हणजे सुटलेला बोर्ड भिंतीकडे जाईल, किंवा मित्राला तिथे उभा करा. सिक्युरिटीवाला किंवा रहिवासी आला आणि थांबा म्हणाला तर वाद नको, सॉरी म्हणून निघायचं. तुम्ही चार दिवसांनी विमानात बसाल, राग लोकल पोरांवर निघेल.

ओळख वाढवायचा सोपा रस्ता म्हणजे गेम ऑफ स्केट. एकाने ट्रिक मारायची, दुसऱ्याने तीच मारायची, नाही जमली तर एक अक्षर, एस-के-ए-टी-ई पूर्ण झालं की बाद, शेवटच्या अक्षराला बहुतेक ठिकाणी दोन चान्स देतात. फक्त ऑली, शोव्हिट आणि किकफ्लिप या सुरुवातीच्या ट्रिक येत असल्या तरी उतरा, हरलात तर हरलात. इंग्रजी दोन्हीकडे सगळ्यांना येतं, पण हे लोक स्वतःहून बोलायला येतील याची वाट बघत बसू नका, बोलायला सुरुवात तुम्हीच करा. आणि रिकामा कॅन किंवा बाटली कचऱ्यात टाकू नका, त्यावर डिपॉझिट असतं, कोपनहेगनमध्ये बऱ्याच कचरापेट्यांना त्यासाठी बाजूला फळी असते, तिथे ठेवा, गोळा करणारे घेऊन जातात.

वेळेचं म्हणाल तर जून-जुलै बेस्ट, रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच अंधार, तेव्हा ब्रिगेरियेटसारखा इनडोअर हॉलच. पाऊस कधीही येतो, ओल्यात स्केट करू नका, डेकमधलं लाकूड फुगतं आणि बेअरिंग गंजतात. भिजलाच बोर्ड तर चाकं काढून बेअरिंग कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्रभर उघडी ठेवा, हीटरवर नको.

येताना विमानात बोर्ड केबिनमध्ये घेतात की नाही हे एअरलाइनप्रमाणे बदलतं, बुक करतानाच विचारा. स्केट टूल मात्र चेक-इन बॅगेतच टाका, आणि ट्रकचे दोन-चार जास्तीचे बोल्ट त्याच पाऊचमध्ये ठेवा.