जीवाश्म शंखाच्या नव्या प्रजातीचं वर्णन कसं करावं

कच्छमधल्या खारी नदी आणि छसरा या मायोसीन (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) काळातल्या शिलासमूहांत टुरिटेला या समुद्री गोगलगायीचे लांबट, पीळदार शंख ढिगाने मिळतात. पुस्तकातल्या चित्राशी एखादा जुळला नाही की लोक नवी प्रजाती जाहीर करायला निघतात. जाहीर करण्याआधीचं काम असं.

नमुने एकाच थरातले हवेत, लहानांपासून मोठ्यांपर्यंत. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमाला एक नमुनाही चालतो, पण दहा-पंधरा नसतील तर थांबा. कवच विरघळून उरलेला आतला दगडी गाभा नमुन्यांत धरू नका, त्यावर बाहेरची नक्षी नसते. बाहेरचा ठसा उमटलेला असेल तर मात्र सिलिकॉन रबराचा साचा घेऊन काम होतं.

साफसफाईला कोमट पाणी, मऊ ब्रश आणि सुई पुरते. ॲसिड अजिबात नको. शंख स्वतःच कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. टोक शाबूत असलेला नमुना अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये टाकू नका, टोकच तुटतं.

आता तुलना. बहुतेक हस्तलिखितं इथेच आपटतात. ‘कंगोरे मोजा, संख्या वेगळी आली की प्रजाती नवी’ हा सल्ला टुरिटेलाच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. कंगोरे म्हणजे वेटोळ्यांवरून पिळाने फिरणाऱ्या उंच कडा. वय वाढतं तसे मुख्य कंगोऱ्यांच्या मधे बारीक दुय्यम धागे उगवत जातात, त्यामुळे एकाच शंखाच्या वरच्या आणि खालच्या वेटोळ्यांवर वेगवेगळी संख्या येते. शंख झिजला की हेच बारीक धागे आधी नाहीसे होतात. चिकणमातीत दबला की टोकाचा कोन बदलतो. एकाच प्रजातीचं पिल्लू, म्हातारा आणि झिजलेला शंख अशा तीन ‘नव्या प्रजाती’ कागदावर सहज तयार होतात.

भरवसा ठेवावा तो दोन गोष्टींवर. पहिली, टोकाजवळच्या वेटोळ्यांवर मुख्य कंगोरे कोणत्या क्रमाने उगवतात. वरच्या शिवणीकडून (दोन वेटोळी जुळतात त्या रेषेकडून) खाली त्यांना ए, बी, सी म्हणतात. आधी बी येतो की सी, ए किती उशिरा येतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहा. दुसरी, वाढरेषांचा बाक. टुरिटेलाच्या मुखाचा बाहेरचा ओठ बहुधा फुटलेलाच असतो, पण त्याचा आकार आधीच्या वेटोळ्यांवर वाढरेषांच्या रूपाने उरतो. बाक किती खोल आणि वेटोळ्याच्या कोणत्या भागात सर्वांत खोल, दोन्ही नोंदवा. तिरक्या प्रकाशाशिवाय तो दिसत नाही.

टोक आणि मुख दोन्ही शाबूत असलेला शंख क्वचितच मिळतो. म्हणून तुकड्यांची साखळी लावावी लागते: वेटोळ्याचा व्यास 2, 5 आणि 10 मिमी असेल तिथली नक्षी प्रत्येक नमुन्यावर तपासा. ‘शेवटचं वेटोळं’ हा तुलनेचा आधारच नव्हे, कारण शंख कुठे तुटला यावर ते ठरतं.

मग जुनी नावं. कच्छचे जीवाश्म सॉवर्बीने 1840 मध्ये वर्णिले, पुढे दार्शियाक आणि हेम यांनी 1853-54 मध्ये भारतातले आणि व्रेडेनबर्गने 1920 च्या दशकात वायव्य भारतातले. सिंध, ब्रह्मदेश आणि जावाचं साहित्यही पाहायलाच हवं. मायोसीन समुद्राला आजच्या सीमा ठाऊक नव्हत्या. जुन्या चित्रांवर विसंबू नका. चित्रकार तुटलेली टोकं आणि ओठ अंदाजाने पुरी करून टाकत. मूळ नमुने कोणत्या संग्रहात आहेत ते शोधून त्यांचे नवे फोटो मागवा. फोटो येईपर्यंत लेख पाठवण्याची घाई कशाला?

फोटोआधी नमुन्यावर अमोनियम क्लोराइडचा पातळ थर द्या आणि नंतर धुऊन टाका. प्रकाश वरच्या डाव्या बाजूने, टोक वर, मोजपट्टी प्रत्येक चित्रात.

होलोटाइप, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं जातं तो, एकच नमुना. तो सर्वांत देखणा नसला तरी चालेल, पण वर सांगितलेली लक्षणं त्याच्यावर दिसली पाहिजेत. वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने पॅराटाइप. 1999 नंतरच्या नावांसाठी तीन गोष्टी सक्तीच्या आहेत: ‘नवी प्रजाती’ असा स्पष्ट उल्लेख, होलोटाइपची निश्चिती आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल याचं विधान. इतर प्रजातींपासून वेगळेपण शब्दांत हवं, नुसतं चित्र चालत नाही. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि थरही द्या.

टुरिटेला हे जीनसनाम (प्रजातींच्या गटाचं, नावातलं पहिलं पद) स्त्रीलिंगी, म्हणून त्यापुढचं प्रजातीचं विशेषण ‘अँग्युलाटा’ (कोनदार). कोनस या दुसऱ्या गोगलगायीचं जीनसनाम पुल्लिंगी, तिथे ‘अँग्युलाटस’. त्याच जीनसमध्ये ते नाव आधी वापरलेलं नाही ना, हे जिवंत प्रजातींच्या याद्यांतही तपासा. स्वतःचं नाव देऊ नये. नियम आड येत नाही, पण शोभत नाही.

नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी आणि नोंदणीचा पुरावा लेखातच छापलेला हवा. परिषदेच्या सारांशात नवं नाव फोडू नका. तिथे ते वैध ठरत नाही, पण इतरांच्या लेखांत भटकत राहतं. नमुने घरच्या कपाटात ठेवू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या संग्रहात जमा करून लेख पाठवण्याआधी नोंदणी क्रमांक घ्या आणि तोच क्रमांक चित्रांच्या मथळ्यांतही लिहा.