पणजोबा लढाईत ‘नेव्हीत’ होते? शोध घेताना या चुका टाळा

हर्णै, दाभोळ, जयगड, मालवण या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत सांगतात, “आमचे पणजोबा मासेमारी सोडून लढाईत नेव्हीत गेले.” ट्रंकेच्या तळाशी एखादं पदक असतं, क्वचित गणवेशातला फोटो. मग नातवंडं उत्साहाने लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर रॉयल नेव्हल रिझर्व्ह म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या राखीव दलाच्या यादीत नाव टाकतात आणि हाती काहीच लागत नाही.

लागणार कसं? या विषयावरच्या बहुतेक इंग्रजी मार्गदर्शिका इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या किंवा स्कॉटलंडच्या मच्छीमारांच्या वंशजांसाठी लिहिलेल्या आहेत. त्या मच्छीमारांसाठी ब्रिटनने १९१० मध्ये रिझर्व्हची खास ट्रॉलर शाखा काढली आणि पहिल्या महायुद्धात त्यांना समुद्रातले सुरुंग काढायला लावलं. आपल्याकडचे कोळी, खारवी, दालदी त्या यादीत शोधायचेच नाहीत. आपल्याकडे होती ती रॉयल इंडियन मरीन, म्हणजे हिंदुस्थान सरकारचं सागरी दल. २ ऑक्टोबर १९३४ पासून तिची रॉयल इंडियन नेव्ही झाली. तिचेही रिझर्व्ह आणि व्हॉलंटिअर रिझर्व्ह होते, पण त्यांत भरणा मुख्यतः अधिकाऱ्यांचा. राहिली तिसरी वाट, आणि कोकणातल्या माणसाच्या बाबतीत ती आधी तपासावी असं माझं मत आहे: पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या व्यापारी बोटी. युद्धात या बोटींनी सैन्य आणि माल वाहिला, त्या बुडाल्याही. घरच्यांच्या लेखी मात्र हे सगळं ‘नेव्ही’च.

म्हणून आधी पदक नीट पाहा. ते पितांबरीने किंवा चिंचेने घासून चकचकीत करू नका. काठावर ठोकलेली अक्षरं झिजली की पुरावाच गेला. पहिल्या महायुद्धातलं ब्राँझचं गोल पदक असेल आणि त्याच्या फितीत हिरवा व लाल पट्टा, मध्ये बारीक पांढरा असेल, तर ते व्यापारी खलाशाचं. हे रंग म्हणजे बोटीचे दोन बाजूंचे दिवे आणि डोलकाठीवरचा दिवा, हे कोळ्याच्या पोराला सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धातला ‘१९३९-४५ स्टार’ मात्र फसवा आहे, कारण तो नौदलालाही मिळाला आणि व्यापारी खलाशांनाही. त्यावरून काही ठरवू नका. पाठीवर हिंदुस्थानचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल हाती असेल तर माणूस सैन्यदलातच होता. ते व्यापारी खलाशांसाठी नव्हतं.

इथेच आणखी एक गफलत होते. “दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवर नाव नसतं” असं इंटरनेटवर ठिकठिकाणी वाचायला मिळतं. ब्रिटिश पदकांपुरतं ते खरं आहे. भारतीय सैन्यदलांच्या पदकांवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल ठोकायचा नियम होता. तेव्हा भिंग घेऊन काठ वाचा, स्टार असेल तर त्याची पाठ वाचा. क्रमांक मिळाला तर निम्मं काम झालं. कोरं पदक म्हणजे लगेच खोटं नव्हे, पण ते कुणाचं हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय अशी पदकं बाजारातही मिळतात.

नावांचा घोळ सर्वांत मोठा. खलाशांच्या याद्यांत आडनाव बहुधा नसतंच. माणसाचं नाव, बापाचं नाव, फार तर गाव, तेही कारकुनाच्या कानाला जसं पोचलं तसं. यादीत ‘तांडेल’ दिसलं की आडनाव सापडलं म्हणून नाचू नका, तो सारंगाच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखालचा हुद्दाही आहे. ‘भंडारी’ ही जात म्हणून वाचाल, पण बोटीवर भंडारी म्हणजे स्वयंपाकी. आडनाव बाजूला ठेवा आणि नाव, बाप, वय, गाव या चार गोष्टी एकत्र जुळतात का ते पाहा.

गावही आजच्या नकाशात शोधू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्याआधी मालवण-वेंगुर्ल्याचा माणूस ‘रत्नागिरी’चा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा. मुरूड-श्रीवर्धन तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात. गोव्याचा खलाशी पोर्तुगीज प्रजा म्हणून नोंदलेला असतो.

बोटीचं नाव ठाऊक असेल तर तेवढ्यावर थांबू नका. एकाच नावाच्या अनेक बोटी असत, पण अधिकृत क्रमांक एका बोटीला एकच, नाव बदललं तरी तोच. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशी-याद्या लंडनला याच क्रमांकानुसार लावलेल्या आहेत. १९१५ सालच्या याद्या तर ऑनलाइन फुकट शोधता येतात.

सगळी नावं बोटींची नसतात, हेही ध्यानात असू द्या. ‘एचएमआयएस’ हे रॉयल इंडियन नेव्हीच्या बोटींआधी लागायचं, तसं किनाऱ्यावरच्या केंद्रांआधीही. ‘एचएमआयएस तलवार’ ही मुंबईतल्या कुलाब्याची सिग्नल शाळा. आजोबा मच्छीमार आणि कागदावर ‘एचएमआयएस मछलीमार’ दिसलं तर हसू येईल, पण ते पाणबुडीविरोधी प्रशिक्षणाचं केंद्र होतं. तसंच, १९४६ मध्ये नोकरी सुटली म्हणजे आजोबा फेब्रुवारीतल्या नाविकांच्या उठावात होते असं परस्पर ठरवू नका. युद्ध संपल्यावर त्या वर्षी अनेकांना सरसकट घरी पाठवलं. नोकरीतून सुटल्याच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते वाचा.

युद्धात समुद्रात मरण पावलेल्या व्यापारी खलाशाचं नाव लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर शोधू नका. पहिल्या महायुद्धातल्या भारतीय खलाशांची नावं मुंबईच्या स्मारकात आहेत, मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नोंदवही तिथे आणि चितगावला अशी दोन ठिकाणी ठेवलेली आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही शोधता येतात. “पाणबुडीने बुडवलं” या घरच्या आठवणीवर मात्र फार विसंबू नका. २३ जून १९१७ रोजी मुंबईच्या दक्षिणेला पी अँड ओची ‘मंगोलिया’ बुडाली ती ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने पेरलेल्या सुरुंगामुळे.

माणूस नौदलातलाच निघाला तर अर्ज मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्स या नौदलाच्या नाविक-नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे करा. “पणजोबांची माहिती मिळावी” असं मोघम न लिहिता क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, तेव्हाचा जिल्हा आणि सेवेचा अंदाजे काळ लिहा, नातं दाखवणारा कागद आणि पदकाच्या काठाचा फोटो जोडा. फाळणीत नौदलही वाटलं गेलं, त्यामुळे १९४७ मध्ये पाकिस्तान निवडलेल्या नाविकाबद्दल इथे विचारून फारसं हाती लागणार नाही.