मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ब्लॅकहोलचं वजन काढा

जे दिसतच नाही त्याचं वजन कसं काढतात असं बरेच जण विचारतात, पण शाळेतला केप्लरचा तिसरा नियम आठवत असेल तर आपल्या आकाशगंगेच्या मधल्या ब्लॅकहोलचं गणित तुम्ही आत्ता बसल्याबसल्या करू शकता.

आधी गुरूवर हात बसवून घ्या. पृथ्वी-सूर्य अंतर 1 धरलं तर गुरू 5.2 वर आहे आणि एक फेरी 11.86 वर्षांत मारतो. 5.2 चा घन 140.6, 11.86 चा वर्ग 140.7, भागाकार जवळपास 1. म्हणजे मध्ये 1 सूर्य आहे. रीत एवढीच, अंतराचा घन भागिले वर्षांचा वर्ग म्हणजे मधलं वजन, सूर्यांत!

आता एस 2 हा तारा घ्या, आकाशगंगेच्या केंद्राभोवती, म्हणजे त्या ब्लॅकहोलभोवती, साधारण 16.05 वर्षांत फिरतो. कक्षा चांगलीच लांबट आणि आपल्याला तिरकी दिसते, ती सरळ करून लांब बाजूचा अर्धा भाग मोजला की 0.125 आर्कसेकंद येतो (1 आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). त्याला पार्सेकमधल्या अंतराने गुणायचं, केंद्र साधारण 8,280 पार्सेकवर आहे म्हणून 1,035 आले, हे थेट पृथ्वी-सूर्य अंतरांत असतं कारण पार्सेकची व्याख्याच तशी आहे: जिथून पृथ्वी-सूर्य अंतर 1 आर्कसेकंदाएवढं दिसतं ते अंतर म्हणजे 1 पार्सेक. आता घन साधारण 110.9 कोटी, 16.05 चा वर्ग 257.6, भागा. 43 लाख सूर्य! मला तर पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं.

अंतराला मात्र जपा, त्याचा घन होतो, 5 टक्के चुकलात तर वजन 15 टक्के चुकतं. म्हणून ताऱ्याचा किमी प्रति सेकंद वेग वर्णपटावरून घेतात आणि आकाशातल्या सरकण्याशी जुळवून अंतरही त्यातूनच काढतात. खगोलशास्त्रज्ञ राइनहार्ड गेन्झेल यांच्या टीमने चिलीतून आणि अँड्रिया गेझ यांच्या टीमने हवाईतून वर्षानुवर्षं हेच केलं, धुळीतून पार बघायला इन्फ्रारेडमध्ये, 2020 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याचाच.

दुसऱ्या दीर्घिकांत सुटे तारे दिसत नाहीत, तिथे केंद्राजवळच्या वायूचा किंवा ताऱ्यांच्या गर्दीचा वेग घेतात. इथे सांभाळून, एम 87 या दीर्घिकेतल्या ब्लॅकहोलचे वायूवरून साधारण 350 कोटी सूर्य आले होते आणि ताऱ्यांवरून 660 कोटी, जवळपास दुप्पट फरक. 2019 ला त्या ब्लॅकहोलच्या सावलीचा फोटो आला त्यावरून 650 कोटी निघाले, म्हणजे ताऱ्यांचा हिशोब बरोबर होता.