बालेवाडीत पाहुण्या क्लबचा घरचा सामना: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी

फुटबॉल क्लबचं स्वतःचं मैदान दुरुस्तीला निघालं किंवा स्पर्धेच्या निकषांत बसलं नाही, की त्याचे घरचे सामने दुसऱ्या गावात होतात. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ही संधी असते, कारण अशा वेळी पुण्याच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाचा, म्हणजे बालेवाडीचा, नंबर लागू शकतो. 2019 मध्ये भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमचं काम चालू असताना ओडिशा एफसी या क्लबने हंगामातले सुरुवातीचे घरचे सामने इथेच खेळले. 2023 मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगसाठी, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी, मुंबई सिटी एफसी आपलं अंधेरीचं मैदान सोडून बालेवाडीत आली. संभाजीनगर, बीड किंवा लातूरहून अंधेरी गाठण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

पण तात्पुरत्या मैदानावर क्लबही पाहुणा असतो. फाटकावरच्या पोरांना स्टेडियमचे कोपरे माहीत नसतात, पाट्या आदल्या रात्री बांधलेल्या फ्लेक्सच्या असतात, पार्किंग ऐनवेळी ठरतं. म्हणून नेहमीच्या मैदानाच्या सवयीवर काहीही सोडू नका, प्रत्येक गोष्ट त्या सामन्यापुरती तपासा.

पहिली तपासणी मैदानाचीच. 2023 च्या त्याच स्पर्धेत मुंबई सिटीचा इराणच्या नस्साजी माझंदरानविरुद्धचा सामना बालेवाडीत झाला आणि सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. एकच क्लब, एकच स्पर्धा, आणि दोन मैदानांत सुमारे शंभर किलोमीटरचं अंतर. तेव्हा 'घरचे सामने पुण्यात' एवढ्या बातमीवर एसटीचं आरक्षण करू नका. त्या सामन्याच्या तिकिटावर छापलेलं मैदान आणि वेळ बघा, आणि निघायच्या आदल्या दिवशी क्लबच्या अधिकृत खात्यावर पुन्हा एकदा बघा. मूळ मैदानाचा सीझन पास असेल तर तो इथे आपोआप चालेल असं धरू नका. खुर्च्यांची रचनाच वेगळी असल्यामुळे क्लबला जागा नव्याने वाटाव्या लागतात.

तिकीट काढण्याआधी परतीचा हिशेब करा. साडेसातचा सामना असेल तर 45 मिनिटांचे दोन भाग, मध्ये 15 मिनिटांची विश्रांती आणि वाया गेलेल्या वेळेची भर धरून शेवटची शिट्टी साधारण सव्वानऊ ते साडेनऊला वाजते. गर्दीतून रस्त्यावर यायला वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे दहाच्या आधी तुम्ही कोणत्याही वाहनात बसलेले नसता. वाकडेवाडीच्या शिवाजीनगर एसटी स्थानकावर पोचायला अकरा वाजतील असं धरा आणि त्यानंतरचीच गाडी पक्की करा. बाद फेरीचा सामना असेल तर जादा वेळ आणि पेनल्टी मिळून आणखी पाऊण तास सहज जातो. अशा सामन्याला पुण्यात मुक्काम करणंच बरं.

ट्रॅव्हल्सने परतणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा बसण्याच्या ठिकाणात होते. निगडी, चिंचवड, वाकड ही नावं बालेवाडीच्या जवळची दिसतात म्हणून तीच निवडली जातात. पण अनेक गाड्या तिथूनच सुटतात आणि त्यांची तिथली वेळ नऊ-साडेनऊची असते, तेव्हा सामना संपत आलेला असतो. तीच गाडी शहर ओलांडून पुढे येते, त्यामुळे मार्गावरचं शेवटचं ठिकाण घ्या. नगर रोडने संभाजीनगर-जालन्याकडे जाणाऱ्या गाडीसाठी संगमवाडी किंवा वाघोली, सोलापूर रोडने लातूर-धाराशिवकडे जाणाऱ्या गाडीसाठी हडपसर. वाघोली आणि हडपसर दोन्ही बालेवाडीपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहेत, हे मात्र वेळ ठरवताना विसरू नका.

येताना एवढी घाई नसते. संभाजीनगरहून पुणे साधारण 235 किलोमीटर, एसटीने पाच-सहा तास. साडेसातच्या सामन्याला सकाळी नऊच्या आत निघालात तर वाघोलीची कोंडी धरूनही वेळ हातात राहतो. एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे कुटुंबाचा खर्च बराच कमी होतो. परभणी, परळी, लातूरकडच्यांना नांदेड-पनवेल एक्स्प्रेस रात्रभरात पुण्याला आणते.

स्वतःची गाडी असेल तर वाघोलीतून शहरात शिरण्याऐवजी शिक्रापूरला उजवीकडे वळून चाकणमार्गे येता येतं. पुणे शहर टळतं, पण चाकण एमआयडीसीच्या शिफ्ट सुटायच्या वेळी ट्रकांची रांग लागते. दुपारी तीनच्या आत चाकण ओलांडता येणार असेल तरच हा रस्ता घ्या.

आता पत्ता. बालेवाडी फाटा वेगळा, बालेवाडी हाय स्ट्रीट वेगळी आणि स्टेडियम वेगळं. फाटा बाणेर रोडवर आहे, स्टेडियम म्हाळुंगेच्या बाजूला मुंबई-बंगळूर महामार्गालगत. रिक्षावाल्याला नुसतं 'बालेवाडी' सांगितलं तर तो फाट्यावर सोडील आणि उरलेलं अंतर पायी तुडवावं लागेल. 'म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडा संकुल, मुख्य स्टेडियम' एवढं पूर्ण सांगा. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात जलतरण तलाव, टेनिस, बॅडमिंटन, नेमबाजी असं सगळं एकाच आवारात आहे. मोबाइलच्या नकाशावरची खूण त्यातल्या कुठल्याही इमारतीवर पडू शकते. फुटबॉल होतं ते ॲथलेटिक्सच्या मोठ्या स्टेडियममध्ये.

कुठे बसायचं

जागेची निवड इथे फार महत्त्वाची, कारण मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. प्रमाणित 400 मीटर ट्रॅकचं गणित मांडून बघा. एक लेन 1.22 मीटर रुंद, आठ लेन म्हणजे 9.76 मीटर. फुटबॉलचं मैदान 105 बाय 68 मीटर. लांब बाजूला स्पर्शरेषेपासून, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेपासून, ट्रॅकची आतली कड जेमतेम अडीच मीटरवर असते, म्हणजे ट्रॅकची बाहेरची कड साधारण 12 मीटरवर येते. गोलच्या मागे मात्र ट्रॅक अर्धवर्तुळात वळतो. तिथे गोलरेषेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 36 मीटरच्या आसपास जागा रिकामी राहते, आणि खुर्च्या त्याच्याही मागे. ही अडचण बालेवाडीचीच नाही. स्पेनची बार्सिलोना 2023 पासून त्याच शहरातल्या मोंजुईकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर खेळायला गेली तेव्हा तिच्या प्रेक्षकांनाही ट्रॅकपलीकडूनच सामना बघावा लागला.

याचा उपयोग असा. पहिल्यांदा जात असाल, मुलं सोबत असतील, तर गोलमागचं स्वस्त तिकीट घेऊ नका. दूरच्या गोलपुढे काय चाललंय ते तिथून कळतच नाही, बॉल जाळ्यात गेला की बाहेरून जाळ्यावर आपटला यावरही शेजाऱ्याशी वाद होतो. लांब बाजूचा स्टँड घ्या आणि त्यातही वरच्या ओळी. खालच्या चार-पाच ओळींतून जाहिरातींचे फलक, राखीव खेळाडूंचे बाक आणि उभे राहिलेले प्रशिक्षक आड येतात, आणि जवळच्या स्पर्शरेषेवरचा खेळ झाकला जातो. वर बसलं की बचावफळी एका ओळीत पुढे कशी सरकते, कडेने धावणारा विंगर मोकळी जागा कुठे शोधतो, हे डोळ्यांसमोर मांडलेलं दिसतं. पाच वाजताचा सामना असेल तर पश्चिमेकडचा स्टँड बघा, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. ढोल-ताशे, गाणी, झेंडे यांतच तुमचा जीव रमत असेल तर समर्थकांचा गट जिथे बसतो तिथे खुशाल जा. तिथे खेळ कमी दिसतो पण सामना अंगात भिनतो. मात्र घरच्या समर्थकांत प्रतिस्पर्धी क्लबची जर्सी घालून बसू नका, सुरक्षारक्षक उठवतात.

फाटकावर

फाटकं साधारणपणे सामन्याच्या दीड-दोन तास आधी उघडतात. तासभर आधी पोचा. तिकिटावर गेट, स्टँड, ब्लॉक, रांग आणि खुर्ची असे पाच तपशील असतात. रांगेत लागण्यापूर्वी गेटचं नाव फलकाशी जुळवून घ्या. स्टेडियमच्या भिंतीवर पूर्वी रंगवलेले जुने क्रमांक आणि क्लबने दिलेली नावं जुळतीलच असं नाही. अशा वेळी तिकिटावरचं खरं माना. चुकीच्या गेटवर अर्धा तास उभं राहिल्यावर पूर्ण वळसा घालून परत यावं लागतं.

तिकीट मोबाइलवर असेल तर ते गाडीतच उघडून ठेवा, फाटकाजवळ हजारो फोन एकदम चालू असल्याने नेटवर्क अडकतं. काही ॲपमध्ये कोड दर थोड्या वेळाने बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही. बदलणारा कोड असेल तर ॲपमध्ये लॉग-इन राहून चार्जिंग शिल्लक ठेवणं एवढंच हाती आहे. पॉवर बँक बहुतेक सामन्यांना आत नेऊ देत नाहीत, म्हणून ती प्रवासात वापरून घ्या.

पाण्याची बाटली, काडेपेटी, लायटर, हेल्मेट, छत्री, सुटी नाणी, मोठी बॅग हेही अडवलं जातं. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी तर पहिल्या झडतीतच निघते. जमा केलेली वस्तू परत मिळण्याची सोय तात्पुरत्या मैदानावर क्वचितच असते, तेव्हा ती गाडीत किंवा मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून या. दशम्या, धपाटे, चटणी बाहेरच खाऊन घ्या. एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा आत जाता येत नाही. पुण्यात नोव्हेंबर ते जानेवारीत रात्री थंडी पडते आणि उघड्या स्टँडवर दव उतरतं. पातळ जाकीट आणि खुर्ची पुसायला फडकं खिशात ठेवा.

बाहेर पडताना संकुलाच्या दारात रिक्षा किंवा कॅब बोलावू नका. तिथे भाडं चढलेलं असतं आणि गाडी गर्दीतून आत येऊ शकत नाही. दहा-पंधरा मिनिटं चालून महामार्गाच्या सेवा रस्त्यावर या आणि तिथून बोलावा. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर, बसवर विसंबणार असाल तर शेवटच्या फेरीची वेळ येतानाच चालक-वाहकाला विचारून ठेवा. चौघं-पाचजण मिळून गेलात तर ताटातूट झाल्यावर भेटायची जागा आत शिरण्याआधीच ठरवा. ती जागा गेटच्या नावाने ठरवू नका, कारण बाहेर पडताना वेगळंच गेट उघडलेलं असतं. सेवा रस्त्यावरचं एखादं ठळक दुकान किंवा पेट्रोल पंप ठरवा.