नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकटात तंबू टाकायचाय? जागा नका शोधू, रस्ता शोधा

अमेरिकेत उन्हाळ्यात कॅम्पिंगला जायचं म्हटलं की आधी आठवतं ते रिक्रिएशन डॉट गव्ह, सरकारी कॅम्पग्राउंडचं बुकिंग करायची साइट. सहा महिने आधी सकाळी लॉगिन करून बसा, वेळ झाली की क्लिक करा, आणि बघता बघता सगळ्या साइट गायब. दोन वर्षं हा खेळ खेळल्यावर आम्ही तो नाद सोडला आणि डिस्पर्स्ड कॅम्पिंग सुरू केलं, म्हणजे सरकारी जंगलात, ठरलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर, बुकिंग नाही, पैसे नाहीत, जिथे परवानगी आहे तिथे तंबू ठोकायचा. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं म्हणतं, अगं जागेची पिन पाठव ना. पिन पाठवून काही होत नाही हो, तुम्ही पोचता तेव्हा नेमकी तिथे दुसऱ्याची गाडी उभी असते. म्हणून शोधायचं कसं ते एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी एक घोळ मिटवूया, नॅशनल पार्क वेगळं आणि नॅशनल फॉरेस्ट वेगळं. पार्कात असं वाटेल तिथे उतरता येत नाही, तिथे परमिट लागतं नाहीतर कॅम्पग्राउंड. फॉरेस्ट मात्र शेतीखात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत, १५४ फॉरेस्ट, ग्रासलँड धरून जवळजवळ १९.३ कोटी एकर, आणि बहुतेक ठिकाणी डिस्पर्स्ड कॅम्पिंग चालतं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएमची जमीन याहून जास्त आहे पण त्यातली पुष्कळशी उघडी, झुडपांची, वाळवंटी, झाडाखाली झोपायचं असेल तर फॉरेस्टच बघा. पश्चिमेला राहणाऱ्यांची मजा आहे. पूर्वेकडची बरीचशी फॉरेस्ट १९११ च्या वीक्स अ‍ॅक्टनंतर खाजगी लोकांकडून तुकड्या-तुकड्याने विकत घेतलेली, त्यामुळे मध्येच कुणाचं तरी शेत नाहीतर घर येतं आणि नकाशा जास्त बारकाईने बघावा लागतो. राज्यांची स्टेट फॉरेस्टही विसरू नका, पण प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. मिशिगनमध्ये एक फुकटचं रजिस्ट्रेशन कार्ड भरून साइटवर लावायचं असतं. न्यूयॉर्कमध्ये रस्ता, ट्रेल आणि पाणी तिघांपासून १५० फूट लांब राहायचं, नाहीतर जिथे कॅम्पिंगची पिवळी चकती ठोकलेली असेल तिथे राहायचं, आणि तीनपेक्षा जास्त रात्री किंवा दहा-त्याहून जास्त जणांचा ग्रुप असेल तर तिथल्या फॉरेस्ट रेंजरकडून परमिट घ्यायचं.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस काय करतो, गुगलवर फ्री कॅम्पिंग टाकतो आणि जागा शोधत बसतो. उलटं करायचं. रस्ता शोधायचा, योग्य रस्ता मिळाला की त्याच्या कडेला एक सोडून पाच जागा असतात, एक भरली तर पुढची. आणि योग्य रस्ता कुठला हे सांगणारा कागद एकच, मोटर व्हेईकल यूज मॅप, सगळे त्याला एमव्हीयूएम म्हणतात. फॉरेस्टच्या साइटवर फुकट मिळतो, अव्हेन्झा नावाच्या अ‍ॅपमध्ये टाकला की नेटवर्क नसतानाही आपण कुठे आहोत ते त्याच्यावर दिसतं.

पहिल्यांदा उघडाल तेव्हा निराशा होईल हे आधीच सांगते, काळा-पांढरा, ना डोंगर कळत ना झाडी, मुंग्यांच्या रांगा सांडल्यासारख्या रेघा नुसत्या. पण वाचायला शिकलात की यासारखं दुसरं काही नाही. रस्त्याच्या रेघेच्या कडेने बारीक टिंबं दिसली की समजायचं, या रस्त्यावरून गाडी खाली उतरवून कॅम्प करायला परवानगी आहे. किती आत जायचं ते त्याच नकाशाच्या तक्त्यात असतं, कुठे १५० फूट, कुठे ३००. टिंबं नसतील तर बऱ्याच फॉरेस्टमध्ये गाडी रस्त्याला लागून उभी करायची आणि तंबू हातात घेऊन चालत आत जायचं, तेही चालतं, उलट अशा जागा जास्त शांत असतात कारण आरव्हीवाले, म्हणजे चाकांवरची घरं घेऊन फिरणारे, तिकडे फिरकत नाहीत. रस्ता नकाशात नाहीच म्हणजे तो गाड्यांना बंद, समोर टायरचे ताजे ठसे दिसले तरी बंदच. तक्त्यात अजून एक कॉलम असतो तो लोक वाचतच नाहीत, रस्ता कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत उघडा ते. आम्हीही वाचला नव्हता. मे महिन्यात साडेतीन तास गाडी हाकून गेलो आणि समोर कुलूप लावलेलं गेट, पलीकडे गुडघाभर बर्फ, नवरा गेटकडे बघतोय आणि मी नवऱ्याकडे. तारीख तक्त्यात छापलेली होती, चूक सगळी आमचीच.

नकाशावरून दोन-तीन रस्ते निवडलेत की सॅटेलाइट व्ह्यू उघडा. गाया, ऑनएक्स, कॅलटोपो या नकाशाच्या अ‍ॅपमधलं काहीही चालेल, जमीन कोणाची ते दाखवणारा लेअर असला म्हणजे झालं. रस्त्याच्या बाजूने झूम करत हळूहळू सरकायचं आणि बघायचं कुठे छोटासा फाटा फुटून शंभर-दीडशे फुटांवर संपतोय आणि टोकाला मातीचं टक्कल दिसतंय, ती म्हणजे जुनी कॅम्पसाइट, दहापैकी सात-आठ वेळा तरी. मग काँटूर लाइन म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेघा बघा, त्या एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तो उतार, सोडून द्या. मला हे काम इतकं आवडतं की कुठे जायचं नसलं तरी रात्री फोनवर तेच चालू असतं.

अ‍ॅप म्हणाल तर आयओव्हरलँडर, द डर्ट, कँपेंडियम आहेत, वापरा, पण रस्त्याची हालत समजायला वापरा, जागेसाठी नाही. रिव्ह्यू वाचताना तारीख बघा, तीन वर्षांपूर्वीचा फाइव्ह स्टार आज काही कामाचा नाही कारण ज्या जागा फार प्रसिद्ध झाल्या तिथले नियम बदललेत. अ‍ॅरिझोनात सेडोनाच्या पश्चिमेला कोकोनिनो फॉरेस्टमध्ये आता ठरवून दिलेल्या ठिकाणीच राहायचं, वायोमिंगमध्ये ग्रँड टेटनसमोर शॅडो माउंटनला ठरलेल्या साइट आणि उन्हाळ्यात पाच दिवसांची मर्यादा. टेक्सासच्या सॅम ह्यूस्टन फॉरेस्टमध्ये हरणांच्या शिकारीच्या सीझनला फक्त नेमून दिलेल्या कँपातच मुक्काम करता येतो.

म्हणून रेंजर डिस्ट्रिक्ट ऑफिसला, म्हणजे फॉरेस्टच्या त्या भागाच्या कचेरीला, एक फोन कराच, लोकांना उगाच संकोच वाटतो. कॅम्पिंगला जागा आहे का असं मोघम विचारलंत तर मोघम उत्तर मिळेल. रस्त्याचा नंबर घेऊन विचारा, फलाण्या नंबरच्या रोडवर सध्या साधी गाडी जाते का, पहिल्या दोन मैलांत झाड पडलंय का, फायर रिस्ट्रिक्शन म्हणजे जाळावरची बंदी कुठल्या स्टेजला आहे, आणि त्या भागात लाकूडतोड चालू आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, नाहीतर सकाळी सहाला लाकडाचे ट्रक तंबूशेजारून धडधडत जायला लागतात.

साध्या गाडीवरून आठवलं. फॉरेस्ट रोडच्या तोंडाशी नंबराची पाटी असते, नंबर आडवा लिहिलेला असेल तर साधारणपणे सेडान जाईल असं धरायला हरकत नाही, आणि आकडे एकाखाली एक असे उभे लिहिलेली बारीक पट्टी दिसली तर तो रस्ता उंच गाडीसाठी, तिथे सेडानचं पोट घासणार म्हणजे घासणार. आमच्याकडे साधी कोरोलाच आहे आणि तिने बरंच काही बघितलंय, नियम एकच, शंका आली की उतरायचं आणि पुढचा पट्टा चालत बघून यायचं. पाऊस पडून गेला असेल तर चिकणमातीच्या रस्त्यावर अजिबात धाडस नको, फोर व्हील ड्राइव्ह पण साबणावर घसरावी तशी घसरते. आणि वळायला जागा कुठे आहे हे पुढे जाताना लक्षात ठेवत जा, अरुंद रस्त्यावर अर्धा मैल रिव्हर्स घेतल्यावर हे आपोआप कळतं पण तेव्हा मान आखडलेली असते.

पोचायचं उजेडात. सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी, शुक्रवार असेल तर त्याहून आधी, आणि मनात तीन जागा ठेवून, पहिली भरलेली असणार असं धरूनच निघायचं. आम्ही एकदा रात्री नऊला पोचलो, पहिल्या दोन जागांवर गाड्या, तिसरी सापडेना, शेवटी हेडलाइटच्या उजेडात एक सपाटसं गवत दिसलं तिथे तंबू टाकला आणि खूश होऊन झोपलो. पहाटे पाचला कानाशी कोणीतरी जोरजोरात फुसफुसतंय. मला वाटलं अस्वल. नवऱ्याने चेन दोन इंच उघडली तर समोर गाईचं ओलं नाक, आणि मागे अजून वीस-पंचवीस जणी. सरकारी जंगलात चराईचे परवाने दिलेले असतात हे तेव्हा कळलं, आणि आम्ही त्यांच्या पाण्याच्या टाकीच्या वाटेवरच झोपलो होतो. दिवसा आलो असतो तर शेण दिसलं असतं की.

जागा दिसली की लगेच सामान काढू नका. आधी वर बघा. वठलेलं झाड, मोडून अडकलेली फांदी, वणव्यात होरपळलेले उभे खांब, यातलं काही तंबूच्या टप्प्यात असेल तर पुढे चला, वारा सुटला की ही झाडं आवाज न करता खाली येतात, इथे लोक त्यांना विडोमेकर म्हणजे विधवा करणारी म्हणतात ते उगाच नाही. मग खाली बघा, जमिनीवर पाइनच्या सुया एका दिशेने वाहून ओळी झाल्या असतील तर पावसाचं पाणी तिथून जातं. मग आडवे पडून बघा, खरंच, तंबू टाकायच्या आधी जमिनीवर आडवं व्हायचं, डोळ्यांना सपाट दिसलेली जागा पाठीला लगेच कळते, नाहीतर पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवा, घरंगळली की डोकं कुठल्या बाजूला ते ठरलं. ओढा आणि तळ्यापासून २०० फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं. आधीपासून दगडांची चूल मांडलेली, माती उघडी पडलेली जागा मिळत असेल तर तीच घ्या, हिरव्यागार गवतावर नवी जागा तयार करायची गरज नसते.

फुकट म्हणजे काहीच नाही हेही ध्यानात असू द्या, नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, फोनला रेंज नाही. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन घरूनच न्या, ओढ्याचं प्यायचं तर फिल्टर करा नाहीतर उकळा, कितीही नितळ दिसलं तरी पोट बिघडवणारा जिआर्डिया जंतू काही दिसत नाही. संडासला ट्रॉवेल म्हणजे छोटं हातफावडं घ्या, सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून तेच २०० फूट, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा, यावर नाक मुरडणारे असतात, त्यांनी एकदा प्रसिद्ध साइटच्या मागच्या झुडपात डोकावून यावं. खाणं, टूथपेस्ट, क्रीम, वास येणारं काहीही तंबूत नको, अस्वलांच्या भागात बेअर कॅनिस्टर म्हणजे अस्वलाला न उघडणारा डबा किंवा नियम असेल तशी सोय. बऱ्याच फॉरेस्टमध्ये एका ठिकाणी १४ दिवस राहता येतं, काही ठिकाणी कमी. बीएलएमचा साधारण नियम २८ दिवसांत १४ दिवस आणि मग २५ मैल लांब जायचं, पण वीकेंडला जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही.

जाळाचं मात्र वेगळं सांगते. स्टेज वन म्हणजे साधारणपणे डिस्पर्स्ड साइटवर शेकोटी बंद, गॅसचा स्टोव्ह चालतो. स्टेज टू आणखी कडक. हे कधीही बदलू शकतं म्हणून निघायच्या दिवशी परत बघायचं. कॅलिफोर्नियात कॅम्पग्राउंडच्या बाहेर साधा स्टोव्ह पेटवायचा तरी कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं, छोटी प्रश्नोत्तरं असतात आणि ते वर्षाअखेरपर्यंत चालतं. लाकूड घरून नेऊ नका, एमराल्ड अ‍ॅश बोररसारखी कीड अशा लाकडांतूनच पसरते, २००२ मध्ये मिशिगनला सापडली आणि आज कुठल्या कुठे गेलीय. विझवताना पाणी ओता, फावड्याने ढवळा, परत ओता, आणि हाताचा मागचा भाग राखेजवळ नेऊन बघा, नंतर बोटं घालून, कोमट लागली तरी अजून एक बादली.

निघायच्या आधी गाडीत बसून दोन मिनिटं काढा आणि नकाशावर पिन टाका, सोबत रस्त्याचा नंबर, फाटा किती मैलांवर, सेडान आली का, सकाळी ऊन किती वाजता आलं, एवढं लिहून ठेवा. आमच्या वहीत अशा एकतीस जागा झाल्यात. त्यातल्या एकीपुढे फक्त गाई असं लिहिलंय.