होम थिएटरचा आवाज बसत नाहीये? नवं काही घेण्याआधी या चुका टाळा

"संवाद कळत नाहीत आणि बेस नुसता घुमतो." होम थिएटरच्या बहुतेक तक्रारी या एका वाक्यात मावतात. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: मोठा सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर) घ्या, जास्त वॅटचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) घ्या, केबल बदला. पैसे जातात आणि आवाज होता तिथेच राहतो. दोष असतो सबवूफरच्या जागेत, मेनूतल्या एखाद्या सेटिंगमध्ये, नाहीतर स्पीकरच्या मागे उलट्या लागलेल्या वायरीत. म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं, आणि शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार सेटिंगं एकदम फिरवली की आवाज सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही.

बेसपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

सबवूफर जिथे जागा रिकामी असते तिथे, म्हणजे बहुधा कोपऱ्यात जातो. कोपऱ्यात बेस वाढतो हे खरं, पण सगळा सारखा वाढत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. खोली ४.३ मीटर लांब असेल तर समोरच्या आणि मागच्या भिंतींमध्ये ४० हर्ट्झच्या आसपास पहिला अनुनाद तयार होतो, म्हणजे तो सूर भिंतींमध्ये परतत राहून काही ठिकाणी फुगतो आणि काही ठिकाणी मरतो. सोफा बरोबर मधोमध असेल तर तिथे ४० हर्ट्झचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तोच आवाज फुगून येतो. म्हणजे एकाच खोलीत, एकाच सबवूफरवर, एकाला बेस कमी वाटतो आणि दुसऱ्याचं डोकं दुखतं. अशा वेळी व्हॉल्यूम किंवा इक्वलायझर वाढवून उपयोग नसतो. बेस जिथे नाहीसा होतो तिथला खड्डा भरत नाही, अँप्लिफायरवर ताण मात्र येतो.

यावरचा जुना आणि फुकट उपाय असा: सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा. चढ-उतार असलेली बेसलाइन किंवा २० ते १०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) पुन्हापुन्हा वाजवा. मग गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा, कान सबवूफरच्या उंचीला ठेवून. काही ठिकाणी एकच सूर ढोलासारखा वाजेल, काही ठिकाणी बेस गायब होईल आणि एखाद्या जागी सगळे सूर सारखे ऐकू येतील. सबवूफर त्या जागी जातो. घरचे हसतील, हसू द्या. आणि बजेट असेलच तर एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम बरे. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले तर सगळ्या आसनांवरचा फरक बराच कमी होतो.

जागा ठरली की मागची बटणं बघा. सबवूफरवर स्वतःची क्रॉसओव्हरची (कुठल्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणाऱ्या फिल्टरची) नॉब असते आणि रिसीव्हरमध्येही क्रॉसओव्हर असतो. दोन्ही चालू ठेवले तर एकावर एक दोन फिल्टर बसतात आणि मधला बेस हरवतो. रिसीव्हर वापरत असाल तर सबवूफरची नॉब शेवटपर्यंत फिरवा किंवा एलएफई (सिनेमातला खास बेस) लिहिलेलं इनपुट वापरा. ऑटो स्टँडबाय असेल तर हळू आवाजात सबवूफर झोपी जातो. 'मधूनमधून बेस जातो' या तक्रारीचं कारण कितीदा तरी एवढंच असतं.

आता अभिमानाचा प्रश्न. उंच टॉवर स्पीकर घेतलेल्या माणसाला रिसीव्हरच्या मेनूत त्यांच्यापुढे 'स्मॉल' लिहिणं जड जातं. पण स्मॉलचा संबंध आकाराशी नाही. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबवूफरकडे पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक घरांत स्मॉल आणि ८० हर्ट्झ ही चांगली सुरुवात आहे. अगदी लहान सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. 'एलएफई प्लस मेन' हा पर्याय मात्र सहसा टाळा. त्यात तोच बेस टॉवरमधूनही येतो आणि सबवूफरमधूनही, आणि दोन्ही एकमेकांना कुठे वाढवतात तर कुठे मारतात.

ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकने आवाज मोजून सेटिंगं आपोआप लावतो ते) करताना माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर रिसीव्हर त्या कापडावरून परतणारा आवाजही मोजतो. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला हवा. पंखा आणि एसी बंद. शेवटी निकाल तपासा, पण एका आकड्याला हात लावू नका. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं, आणि लोक टेप लावून ते 'दुरुस्त' करतात. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला उशीर होतो आणि तो उशीर त्या अंतरात धरलेला असतो. क्रॉसओव्हर मात्र नक्की बघा. कॅलिब्रेशननंतर पुढचे स्पीकर पुन्हा 'लार्ज', म्हणजे सगळा बेस स्वतःच वाजवणारे, झालेले सापडतात.

संवाद कळत नसतील तर एक सोपी परीक्षा करा. मेनूत सेंटर स्पीकर (टीव्हीजवळचा, मुख्यतः संवाद वाजवणारा) 'नाही' असं सांगा. आता संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतील. मधोमध बसून तोच प्रसंग पुन्हा ऐका. संवाद स्वच्छ झाले, तर दोष सेंटर स्पीकरचा किंवा त्याच्या जागेचा. तसेच पुटपुटते राहिले, तर मूळ मिक्सच तसा आहे किंवा खोलीत फार प्रतिध्वनी आहे. अशा वेळी नवा सेंटर घेऊन काहीच बदलणार नाही. जाड गालिचा आणि पडदे जास्त कामाला येतील.

दोष सेंटरचा निघाला तर तो बहुधा टीव्हीखालच्या कप्प्यात खोलवर सरकवलेला असतो आणि गुडघ्यांकडे बोलत असतो. पुढे ओढून कप्प्याच्या कडेला आणा आणि पुढची बाजू किंचित उचलून तोंड कानांकडे करा. मग त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवून पाहा. रात्री हळू ऐकत असाल तर रिसीव्हरमधला नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजांतला फरक कमी करणारी सोय) वापरायला लाजू नका.

आवाज पसरट, बेस पातळ आणि गायक नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही? मग एखाद्या स्पीकरच्या वायरी उलट लागल्या असतील. रिसीव्हर बंद करून त्या बाजूच्या वायरी काढा आणि मोकळी टोकं १.५ व्होल्टच्या साध्या सेलला क्षणभर टेकवा: धनला धन, ऋणला ऋण. वूफरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. कॅलिब्रेशनही कधीकधी अशी चूक दाखवतं, पण वायरी बरोबर असतानाही दाखवतं, म्हणून डोळ्यांनी खात्री करूनच ठरवा.

रिसीव्हरच्या डिस्प्लेवर अॅटमॉसऐवजी (डॉल्बीचा वरूनही येणारा सराउंड आवाज) नुसतं 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' दिसत असेल तर स्पीकरकडे बघूच नका, टीव्हीच्या मेनूत जा. डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज) असेल तर तो बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रू (आवाज जसाच्या तसा रिसीव्हरकडे) करा, सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना आज्ञा द्यायची सोय) चालू करा आणि एचडीएमआय केबल आर्क (टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज परत पाठवणारी वाट) लिहिलेल्या पोर्टलाच लावलेली आहे ना ते बघा. स्ट्रीमिंगवरचं अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, ते साध्या आर्कवरूनही जाऊ शकतं. ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीसाठी (डॉल्बीचा दर्जा न घटवता साठवलेला आवाज) मात्र ई-आर्क (आर्कची जास्त क्षमतेची आवृत्ती) लागतं, किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा लागतो. ऑप्टिकल केबलवरून अॅटमॉस येत नाही. तिथे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ वर गाडी थांबते.

सतत 'हं' असा आवाज येत असेल तर तो बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा आवाज. सबवूफरची सिग्नल केबल काढा. आवाज थांबला तर केबल परत लावा आणि रिसीव्हरला जोडलेली उपकरणं एकेक करून काढा. अँटेना किंवा केबल टीव्हीची कोअॅक्सिअल वायर आधी काढा, ती नेहमीची आरोपी आहे. सगळी उपकरणं एकाच स्विचबोर्डवर आणूनही बऱ्याचदा काम होतं. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. त्याने आवाज थांबेलही, पण शॉक लागण्याचा धोका घरात येईल.

वॅटबद्दल थोडक्यात: ताकद दुप्पट केली की ३ डेसिबलच वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. ८० वॅटचा रिसीव्हर काढून १०० वॅटचा लावला तर फरक कानाला जाणवणारसुद्धा नाही.

राहिला मध्येच बंद पडणारा रिसीव्हर. तो तापू नये इतकी वर जागा मोकळी आहे का आणि त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स तर बसलेला नाही ना, हे आधी पाहा. मग टॉर्च घेऊन मागचे टर्मिनल नीट बघा. वायरीचा केसाएवढा एक तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी प्रोटेक्शन चालू होतं, म्हणजे रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हर तेवढा भार घेतो का ते पुस्तिकेत तपासा. तरीही बंद होत असेल तर प्लग काढून सगळे स्पीकर सोडवा आणि नुसता रिसीव्हर चालू करा. आता तो टिकला तर स्पीकर एकेक करून परत जोडा, प्रत्येक वेळी प्लग काढून. ज्याने बंद पडेल तो स्पीकर किंवा त्याची वायर खराब. काहीही जोडलेलं नसतानाही बंद पडला, तर मात्र रिसीव्हर दुरुस्तीला न्यावा लागेल.